फोन लागतो, पण ऐकू येत नाही

कार्यालयातील इंटरनेटवरचा फोन बिघडला की तो विषय अभियंत्यांकडे सोपवून मोकळे होण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यात लक्ष घालणे हे काहीसे कमीपणाचेही मानले जाते. माझे मत याच्या नेमके उलट आहे. फायरवॉलच्या आड बसवलेला फोन नीट न चालण्याची तांत्रिक कारणे जगभर माहीत आहेत, मोजकी आहेत, आणि त्यांवरचे उपायही वीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेले आहेत. तरीही असे फोन महिनोन्‌महिने मुके राहतात. ज्या दोषाचे औषध माहीत आहे तो दोष टिकून राहत असेल, तर त्याचे मूळ यंत्रात नसून व्यवस्थेत असते. म्हणून हा प्रश्न मी प्रशासनाचा मानतो.

मी सध्या ज्या शहरात नोकरी करतो त्या जबलपूरला दूरसंचाराचे ज्ञान कमी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. तार व टेलिफोन खात्याचे प्रशिक्षण केंद्र येथे १९४२ साली सुरू झाले. तेच आज भारतरत्न भीमराव आंबेडकर इन्स्टिट्यूट ऑफ टेलिकॉम ट्रेनिंग या नावाने रिज रोडवर उभे आहे. दूरसंचार खात्याचा जुना कारखाना याच शहरात, आणि सैन्याच्या सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्रही येथेच. देशभरातील दूरध्वनी अभियंत्यांच्या कित्येक पिढ्या या गावात शिकून गेल्या. अशा गावातील एका केंद्रीय कार्यालयात नवे फोन बसले आणि कित्येक महिने ते अर्धवटच चालले. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हती हे उघड आहे.

प्रकार असा होता. त्या कार्यालयाचा संबंध निवृत्तिवेतनधारकांशी येतो. बालाघाट, शिवनी, मंडला, छिंदवाडा अशा दूरच्या जिल्ह्यांतून फोन येतात. त्यांत सौंसर-पांढुर्णा भागातील मराठी माणसेही असतात. बहुतेक फोन वृद्धांचे आणि विधवांचे. कुटुंब निवृत्तिवेतन का थांबले, हयातीचा दाखला पोहोचला की नाही, नावातील चूक दुरुस्त झाली का, एवढेच त्यांचे प्रश्न. जुनी तांब्याच्या तारेची जोडणी काढून इंटरनेटवरचे फोन बसवले, तेव्हा खर्च कमी झाल्याची टिपणी फाइलवर आली. पुढे फायरवॉलची आज्ञावली अद्ययावत करण्यात आली आणि त्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. फोन वाजायचा, कर्मचारी उचलायचा, 'हॅलो, कोण बोलतंय?' असे दोनदा-तीनदा विचारायचा आणि ठेवून द्यायचा. पलीकडच्या बाईला त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत असे. तिचा आवाज मात्र आत पोहोचतच नसे. ती आपली हकिकत सांगत राही आणि साहेब फोन आपटतात असा तिचा समज होई. 'साहेब, मी बोलतेय ना हो!' असे ओरडून सांगितले तरी साहेब ऐकत नाहीत, अशी लेखी तक्रार एका बाईंनी पाठवली तेव्हा कोठे या प्रकरणाला तोंड फुटले.

हे का घडते, ते समजून घेण्यास अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. कार्यालयाची आवक-जावक शाखा डोळ्यांसमोर आणली तरी पुरे.

इंटरनेटवरच्या फोनमध्ये दोन वेगळी कामे दोन वेगळ्या वाटांनी चालतात. पहिले काम बोलावण्याचे : कोण कोणाला फोन करतो, कोणी उचलला, कोणी ठेवला. यासाठी बहुतेक ठिकाणी एस.आय.पी. नावाची पद्धत वापरतात. तिचे आज प्रचलित असलेले मूळ प्रमाणपत्रक जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे काम प्रत्यक्ष आवाज वाहून नेण्याचे. आवाजाचे बारीक तुकडे करतात, साधारणपणे सेकंदाला पन्नास, आणि ते आर.टी.पी. नावाच्या पद्धतीने वेगळ्याच दारांतून, म्हणजे पोर्टांमधून, जातात. बोलावण्याच्या संदेशात प्रत्येक फोन आपला पत्ता लिहून कळवतो : 'माझ्यासाठीचा आवाज या पत्त्यावर, या दाराशी पाठवा.'

अडचण या पत्त्याचीच आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. ते पुरणार नाहीत हे १९९०च्या दशकातच ध्यानात आले. म्हणून कार्यालयाच्या आत वापरायचे खाजगी पत्ते वेगळे काढले गेले. १०, १७२.१६ किंवा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिलेले असतात. हे पत्ते भिंतीबाहेर निरर्थक आहेत. आतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर सीमेवरचे यंत्र कार्यालयाचा सार्वजनिक पत्ता घालते आणि उत्तर आले की ते आतील योग्य टेबलावर पोहोचवते. यालाच नॅट म्हणतात. जावक शाखेने प्रत्येक लिफाफ्यावर कार्यालयाचा टपालाचा पत्ता लिहावा, तसेच हे. पण लिफाफ्याच्या आतील पत्रात कारकुनाने 'उत्तर टेबल क्रमांक सातवर पाठवावे' एवढेच लिहिले असेल तर? पत्र मिळाले, वाचले, पण उत्तर कोठे धाडावे? टेबल क्रमांक सात शहराच्या नकाशावर नाही. बाहेरचा आवाज आत न येण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

यावर काही उत्पादकांनी एक शक्कल काढली. फायरवॉलनेच लिफाफा उघडावा, आतील पत्ता दुरुस्त करावा आणि पुन्हा बंद करून पाठवावा. एस.आय.पी. ए.एल.जी. या नावाची ही सोय कित्येक यंत्रांत मुळातच चालू असते. हेतू चांगला, पण हात कच्चा. कधी पत्ता बदलला जातो आणि दाराचा आकडा बदलायचा राहतो; कधी आधीच दुरुस्त झालेल्या पत्त्यावर पुन्हा दुरुस्ती होते. आमच्या प्रकरणात हेच घडले होते. आज्ञावली अद्ययावत करताना ही सोय आपोआप चालू झाली आणि तिने आतील पत्ता बदलला, पण आवाजासाठी उघडलेले दार भलतेच निघाले.

लक्षणांवरून निदान करण्याची सवय वैद्याप्रमाणे येथेही उपयोगी पडते. महाराष्ट्राबाहेर आणि परदेशांत लहानमोठी कार्यालये चालवणाऱ्या वाचकांसाठी ते क्रमाने सांगतो.

फोनवर नोंदणीच होत नसेल, तर भिंतीने बोलावण्याची वाटच अडवली आहे. ही वाट सामान्यतः ५०६० क्रमांकाच्या दारातून, आणि सांकेतिक स्वरूपात असल्यास ५०६१ मधून जाते. घंटी वाजते पण आवाज एकाच बाजूने येतो किंवा मुळीच येत नाही, तेव्हा पत्त्याचा किंवा आवाजाच्या दारांचा दोष समजावा. उचललेला फोन प्रत्येक वेळी सुमारे ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर 'उत्तर मिळाले' ही पोच परत पोहोचत नाही असे जाणावे. एस.आय.पी.च्या नियमानुसार उचलणारा फोन त्या पोचेची वाट पाहतो, पुन्हा पुन्हा संदेश धाडतो आणि ३२ सेकंदांनी आशा सोडतो. संभाषण बरोबर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने तुटत असेल, तर 'अजून चालू आहे' हा मधला निरोप भिंतीत अडकतो आहे. आतून फोन करता येतो, परंतु काही वेळ शांतता गेली की बाहेरचा फोन आत येत नाही, याचा अर्थ भिंतीने उघडलेले दार वापर नाही म्हणून मिटून घेतले. पुष्कळ यंत्रे ते तीस सेकंदांत मिटतात. वास्तविक अशी नोंद किमान दोन मिनिटे जपावी असे मानक २००७ सालचे आहे. आणि केवळ गर्दीच्या वेळी आवाज तुटक येत असेल, तर भिंतीचा दोष नसून रस्ता अरुंद आहे. एका संभाषणाला प्रत्येक दिशेने साधारण ८० ते ९० किलोबिट एवढी जागा लागते. तेथे मोठ्या फायलींच्या मागे आवाजाला रांगेत उभे करून चालत नाही.

शोध घेण्याचा क्रमही सोपा आहे. तोच फोन प्रथम कार्यालयाच्या जाळ्याबाहेर, एखाद्या मोबाइलच्या इंटरनेटवर जोडून पाहावा. तेथे चालला तर दोष भिंतीत आहे हे पाच मिनिटांत ठरते आणि पुरवठादाराशी होणारा निम्मा पत्रव्यवहार वाचतो. त्यानंतर भिंतीच्या आत आणि बाहेर अशा दोन्ही ठिकाणी जाणाऱ्या-येणाऱ्या पाकिटांची नोंद घ्यावी. ते काम करणारी साधने विनामूल्य मिळतात. आतून निघालेला पत्ता आणि बाहेर पोहोचलेला पत्ता शेजारी शेजारी ठेवून वाचले की बहुतेक वेळा दोष स्वतःच बोलतो. मग ए.एल.जी. बंद करावे, आवाजाच्या दारांची मर्यादा सेवा देणाऱ्या कंपनीकडून लेखी घेऊन तेवढीच उघडावी, फोनने दर वीस-पंचवीस सेकंदांनी एक लहानसा संदेश पाठवून दार जागे ठेवावे, आणि ज्या पत्त्यावरून आवाज प्रत्यक्षात येतो आहे त्याच पत्त्यावर उत्तर धाडण्याची व्यवस्था सेवा देणाऱ्याने आपल्या सीमेवर करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर फोन सुरू होईलही, पण का सुरू झाला ते कळणार नाही आणि पुढच्या बिघाडाला आपण पुन्हा कोरे असू.

येथे एक शंका हमखास विचारली जाते. बॉस्टनहून मुलीचा व्हॉट्सअॅपवरचा फोन घरी विनासायास येतो, मग कार्यालयाच्या महागड्या फोनलाच काय होते? उत्तर असे की अशा सेवांनी भिंत गृहीत धरूनच आपली रचना केली. स्वतःचा बाहेरचा पत्ता विचारून घेणे, अनेक वाटा एकाच वेळी चाचपणे, आणि एकही वाट न मिळाल्यास मधल्या एखाद्या यंत्रामार्फत आवाज नेणे, या स्टन, टर्न आणि आइस नावाच्या पद्धती २००३ ते २०१० या काळात प्रमाणित झाल्या. काही सेवा तर शेवटी साध्या संकेतस्थळांसाठी उघड्या असलेल्या ४४३ क्रमांकाच्या दारातूनही निघून जातात. परदेशी कंपनीच्या इमारतीतून मुलाचा फोन लागत नाही आणि तोच रस्त्यावर येऊन लागतो, याचे कारणही बहुधा तेथील भिंतीने या वाटा मिटल्या हेच असते. काही देशांत मात्र ही भिंत सरकारी धोरणाची असते. सौदी अरेबियाने अशा फोनवरील बंदी २०१७ साली उठवली, तोवर तेथील मराठी माणसाला दोष शोधून उपयोग नव्हता. आपल्याकडेही १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरच्या फोनला परवानगी मिळाली ती मर्यादित स्वरूपात. त्यावरून देशातील कोणत्याही साध्या क्रमांकाशी बोलण्याचा मार्ग २०१८ साली मोकळा झाला. तेव्हा कायद्याने बंद आणि अनवधानाने बंद यांतील फरक आधी जाणून घेणे बरे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही सर्व माहिती उपलब्ध असताना आमची फाइल कित्येक महिने का फिरली?

सेवा देणाऱ्या कंपनीने कळवले की तिच्या सीमेपर्यंत सर्व ठीक आहे. फोन विकणाऱ्याने कळवले की फोन निर्दोष आहेत आणि चाचणीचा दाखला जोडला आहे. संगणक कक्षाने कळवले की सुरक्षा धोरणात बदल करण्याचे अधिकार त्याला नाहीत. तिघांचे म्हणणे कागदावर खरे होते. परंतु संभाषण या तिघांच्या हद्दी ओलांडून जाते आणि पूर्ण वाटेची जबाबदारी कोणाच्याही कर्तव्यसूचीत लिहिलेली नव्हती. शेवटी एका तरुण अभियंत्याने दोन्ही बाजूंची नोंद घेऊन एका दुपारी दोष दाखवून दिला. दुरुस्तीसाठी एक खूण काढावी लागली. त्या खुणेसाठी लागलेली मंजुरी मात्र दोष शोधण्यापेक्षा कितीतरी लांबली.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला यात कोणाचा आळस दिसत नाही. प्रोत्साहनांची असमान वाटणी दिसते. फायरवॉल सांभाळणारा अधिकारी एक दार उघडतो आणि त्यातून कोणी घुसले, तर चौकशी त्याची होते. तो दार मिटून ठेवतो आणि शंभर विधवांचे फोन वाया जातात, तर त्याला कोणी विचारत नाही. पहिल्या चुकीची किंमत दिसते, मोजली जाते, एका माणसाच्या नावावर पडते. दुसऱ्या चुकीची किंमत विखुरलेली असते, ती बाहेरचे लोक भरतात आणि तिची नोंद कोठेही होत नाही. अशा स्थितीत कोणताही शहाणा माणूस दार मिटूनच ठेवील. नियमांची रचनाही तशीच आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची सूचना सहा तासांत द्यावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. हे योग्यच आहे. पण नागरिकाचा फोन आत आला नाही, याची सूचना किती तासांत, कोणी, कोणाला द्यावी? त्याला नियम नाही.

यावर काही मित्र रागाने म्हणतात की मग ही भिंतच काढून टाका. मी त्यांच्याशी सहमत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर झालेल्या सायबर हल्ल्याने रुग्णालयाची संगणकीय व्यवस्था कित्येक दिवस ठप्प झाली आणि रुग्णांची नोंदणी हाताने करावी लागली, हे आपण पाहिले आहे. फोनच्या बाबतीत तर धोका आणखी सरळ आहे. ५०६० क्रमांकाचे दार साऱ्या जगाला उघडे दिसले की चोर त्यातून महागडे आंतरराष्ट्रीय फोन करतात आणि बिल कार्यालयाच्या नावावर येते. म्हणून 'फायरवॉल काही वेळ बंद करून पाहा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला अधिकाऱ्याने कधीही मान्य करू नये. दार फक्त सेवा देणाऱ्याच्या ठरावीक पत्त्यांसाठी उघडावे, आणि ते कोणासाठी, का व कोणाच्या आदेशाने उघडले याची नोंद ठेवावी. भिंतीत दार असावे, आणि दारावर नोंदवही असावी, इतकीच मागणी आहे. नवी आय.पी.व्ही.६ पद्धत सर्वत्र रुजली की पत्ते बदलण्याची गरज संपेल. तिचा राष्ट्रीय आराखडा दूरसंचार विभागाने २०१० सालीच प्रसिद्ध केला. पण भिंत तेव्हाही राहील आणि दार कोणी ठेवायचे हा प्रश्नही राहील.

माझ्या मते चार गोष्टी प्रत्येक कार्यालयाला आजच करता येतील आणि त्यांना वेगळा निधी लागत नाही.

पहिली, फोन आत येण्यापासून आवाज दोन्ही बाजूंना पोहोचेपर्यंतची जबाबदारी एकाच पदाकडे लेखी सोपवावी, आणि त्या पदाला भिंतीच्या नियमांत ठरावीक मर्यादेत बदल करण्याचे अधिकार द्यावेत. दुसरी, निविदेतच स्वीकृती चाचणी घालावी : बाहेरून आलेला फोन दोन्ही बाजूंना ऐकू यावा, संभाषण किमान पस्तीस मिनिटे अखंड चालावे, फोन अर्धा तास न वापरता ठेवल्यानंतरही बाहेरची घंटी वाजावी, आणि सर्वांत गर्दीच्या तासाला अनेक फोन एकदम चालावेत. फोन जोडले आणि घंटी वाजली, म्हणून देयक मंजूर करू नये. तिसरी, भिंतीत किंवा फोनमध्ये कोणताही बदल झाला की त्याच दिवशी ही चाचणी पुन्हा करावी. आमचा दोष अद्ययावत करण्याच्या दिवशीच सापडला असता. चौथी, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : उचलल्यानंतर चाळीस सेकंदांच्या आत संपलेल्या फोनांची संख्या दरमहा कार्यालयप्रमुखापुढे ठेवावी. ही नोंद प्रत्येक यंत्रणा स्वतःच ठेवते, ती काढून पाहणे एवढेच काम आहे. थोडेसे फोन लहान असणारच. पण तो आकडा एकाएकी वाढला, तर कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता दोष समजेल. न दिसणारी किंमत दिसू लागली की दार मिटून ठेवणेही फुकट राहत नाही.

इ-प्रशासनाचे यश आपण बसवलेल्या यंत्रांच्या संख्येने मोजतो. त्या जबलपूरच्या कार्यालयात फोन बसले होते, घंटी वाजत होती, कर्मचारी तत्परतेने उचलत होते आणि प्रगती अहवालातील प्रत्येक रकाना भरलेला होता. फक्त बाहेरून बोलणाऱ्या माणसाचे शब्द आत येत नव्हते, आणि त्यासाठी अहवालात रकाना नव्हता. सौंसरच्या बाईंना साहेबांचा आवाज ऐकायचा नव्हता. आपले म्हणणे साहेबांना ऐकवायचे होते. तेवढे झाले की नाही, हे मोजण्याची सोय प्रत्येक कार्यालयाने आपल्या मासिक अहवालात करावी.